ढोटे सरांच्या घरची वायर-परीक्षा

चार माणसं गंभीर तोंडं करून एका वायरीभोवती बसली, की किस्से आपोआप साचतात. कोणी जमा करत नाही. चहातली साखर जशी तळाशी बसते तसे बसतात, अन् ढवळले की वर येतात.

आमचं टोळकं सौंसरचं. गाण्याची सिस्टीम ढोटे सरांची, म्हणजे रिटायर्ड गणिताच्या मास्तरांची. घरात सर आणि काकू, दोघंच. टोळक्यात शिवाय जवळच्या रामाकोन्याचा प्रमोद, संत्र्याच्या बगीच्यावाला, आणि मी, फोटो स्टुडिओवाला. दर रविवारी सकाळी सरांच्या पुढच्या खोलीत बैठक. गावातले लोक हसतात. हसू द्या! मोबाइलच्या स्पीकरवर भजन ऐकणाऱ्यांशी मी या विषयावर बोलतच नाही.

*

पहिली भारी यूएसबी वायर आली तो दिवस. लॅपटॉपमधून गाणं डॅक नावाच्या डबीत न्यायचं, तिथून अ‍ॅम्प्लिफायर, मग स्पीकर. वायरीचं काम एवढंच. पण जाडी बघाल तर!

काकू म्हणाल्या, "एवढी जाड वायर तर आमच्या विहिरीच्या मोटरीलेही नाही. अन् चालवते काय, तर गाणे!"

नवीन वस्तू आली की आमच्याकडे हळदकुंकू लागतंच, ट्रॅक्टर असो की मिक्सर. काकूंनी वायरीलाही लावलं. नेमकं तोंडाशी! सर किंचाळले, "अवो, पिनीत गेलं नं कुंकू!" मग अख्खी सकाळ सर दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून कुंकू काढत बसले. त्या दिवशी गाणं काही वाजलं नाही.

*

परीक्षेची पद्धत सरांची. डोळ्यांवर दुपट्टा बांधायचा, प्रमोद मागे बसून कधी साधी वायर लावणार, कधी भारी. फरक वाटला की हात वर.

एकदा प्रमोदनं वायर बदललीच नाही, आणि मी ऐटीत हात वर केला.

"काय आयकू आलं बे तुले?"

"सर, तबला जरा उठून आला."

"तबला जागीच आहे. तूच उठ अन् घरी जाय!"

खरंच घरी पाठवलं हो! दारातून वर सुनावलं, "मले कान पायजेत, हाजी-हाजी नाही पायजे." मास्तर माणूस. चुकीच्या उत्तराला त्यांनी जन्मात अर्धा मार्क दिला नाही. मला राग आला होता, पण खरं सांगतो, त्यांच्या कानाला तोड नव्हती. स्पीकर वीतभर सरकला तरी खुर्चीत बसल्याबसल्या ओळखायचे.

*

मग एका रविवारी सर म्हणाले, "वायर बसली. भजनातले टाळच गायब झाले."

टाळ आमच्या तर कानात वाजून राहिले होते. आम्हाला वाटलं, आपलेच कान अडाणी. सरांनी कंपनीवाल्याला फोनवर झापून वायर बदलून घेतली. नवीन वायर लावली तर म्हणे, "हिच्यात तर बासरीही मेली!"

तीही वायर बाद झाली. प्रमोदनं ती रामाकोन्याला नेऊन आपल्या घरी लावली. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आला, तर चहाला हात लावेना.

"बासरी एकदम साफ आहे रे. वायरीले काहीच झालं नाही. आपल्या सराचे कान चालले."

वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

*

काकूंना आधीच माहीत होतं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी हा माणूस शेजारी पेपर वाचत बसायचा. त्यांनी भाचीच्या लग्नाचा बहाणा करून सरांना नागपूरला नेलं, कानाच्या डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाला, नस सुकून राहिली, परत येणार नाही. मशीन लावा, थोडंफार चालेल.

सरांनी मशीन कपाटात टाकलं. "मशीनचं गाणं आता मशीनमधून आयकू का? अन् त्या डॉक्टरच्या घरी तर साधा टेप नसन!"

त्यांच्या मते सगळा दोष वायरीचाच. पुढच्या रविवारी आम्ही निघालो तेव्हा काकू फाटकाशी आल्या. "भाऊ, त्याइच्याजवळ हे एकच राहिलं आहे. वायरीतच फरक आहे म्हणा नं. माझ्यासाठी म्हणा."

आता काय करता? त्या रविवारपासून सरांचा हात वर गेला की आम्ही दुपट्ट्याखालून बघून हात वर करायचो.

*

बोरगावला एका लग्नाला गेलो होतो. सर रस्त्याच्या मधून चालून राहिले आणि मागून बस. हॉर्नवर हॉर्न! प्रमोदनं दंड धरून ओढलं तेव्हा वाचले.

ड्रायव्हर खिडकीतून खेकसला, "बहिरा है क्या बे?"

सर हसून त्याला नमस्कार करून मोकळे. त्यांना वाटलं, जुना विद्यार्थी ओळख देऊन राहिला.

*

यंदाच्या उन्हाळ्यात सरांनी तिसरी वायर मागवली, सगळ्यात भारी. उकाड्यामुळे वरचा पंखा तेवढा चालू, बाकी ऐकताना ते घरातला इन्व्हर्टरही बंद करतात. त्याची घरघर गाण्यात उतरते, असं त्यांचं म्हणणं. आता आम्ही बोललेलं त्यांना ओठांवरूनच कळायचं, पण नियम तो नियम.

प्रमोदनं वायर लावली. सरांनी दुपट्टा न बांधता नुसते डोळे मिटले, आणि मांडीवर ठेका सुरू झाला.

गाणं अर्ध्यात आलं आणि लाइट गेली.

अ‍ॅम्प्लिफायर ठप्प. स्पीकर मुके. लॅपटॉप बॅटरीवर होता, त्याच्या पडद्यावर गाणं पुढे सरकूनच राहिलं होतं. आणि सरांचा ठेकाही चालूच, एकही मात्रा न चुकता!

मी प्रमोदकडे बघितलं, प्रमोदनं दारात उभ्या काकूंकडे. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. बाहेर कोणाची तरी म्हैस ओरडत होती, तेवढाच काय तो आवाज.

सरांनी डोळे मिटूनच हात वर केला. आम्हीही केले. मग त्यांनी डोळे उघडले आणि प्रमोदच्या तोंडाकडे बघत विचारलं, "कशी वाटली?"

प्रमोदला घाम फुटला होता. तरी म्हणाला, "जबरदस्त, सर! टाळ अन् टाळ मोकळा आयकू आला."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. काकूंकडे बघितलं. काकूंनी पण हलवली.

सर खुर्चीतून उठले. लॅपटॉप बंद केला, वायर काढली, नीट गुंडाळून डब्यात ठेवली. मग वर छताकडे बोट केलं.

"पंखा कवाचा थांबला," ते म्हणाले. "लाइट गेली अन् गाणं बंद पडलं, मले घामावरून समजलं. तुमाले तर आयकू येते नं? मंग तुम्ही तिघं काय आयकून राहिले होते?"