पटीत बोलणारे आप्पा

आमच्या निपाणीच्या कॉलेजातले लॅब अटेंडंट आप्पा कधी बेरजेत बोलत नसत. आज ऊन जास्त आहे, असं कुणी म्हणालं की ते विचारायचे, "जास्त म्हंजे किती पट?" त्यांच्या लेखी चहा कालच्या सव्वापट गोड असे, आणि नवे प्राचार्य जुन्यांच्या निमपट. मैत्रिणीला दहा गुण जास्त पडले म्हणून एक मुलगी रडत होती. आप्पा म्हणाले, "दहाचं काय घेऊन बसलीस गं? पटीत बघ, कायबी फरक न्हाय." ती हसतच गेली.

शिक्षण मॅट्रिकपर्यंत, तेही अर्धवट. कोगनोळीहून सकाळच्या बसनं येत. माझा तास चालू झाला की मागचं एक बाक पुसत उभे राहत. तास संपेपर्यंत तेच बाक.

एकदा मी सापेक्षतावादातली वेगांची बेरीज शिकवत होतो. प्रकाशाच्या निम्म्या वेगानं जाणारं यान. त्यातून पुढं सोडलेला गोळा, जो यानातल्यांना निम्म्याच वेगानं जाताना दिसतो. मग जमिनीवरून गोळ्याचा वेग किती? निम्मा आणि निम्मा, पूर्ण, असं मुलं म्हणाली. नाही, प्रकाशाचा वेग कशालाच गाठता येत नाही; उत्तर चार पंचमांश. मी सूत्र लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं.

आप्पा जागचे हलले नाहीत. "सर, बेरीज जमत न्हाय म्हंजे ती बेरीज नव्हंच. पट असंल."

मी हसलो. चार दिवसांनी ते पाठकोऱ्या कागदावर गणित घेऊन आले. "उजेडाचा वेग एक धरा. यान निम्म्यानं जातंय. पुढं जाणारा उजेड त्येच्यापास्नं अर्ध्यानं सुटतोय, मागं जाणारा दीडानं. दीड भागिले अर्धा, तीन पट. यानातनं बघितलं तर गोळ्याचीबी तीन. तीन त्रिक नऊ. आता तुमचं चार पंचमांश बघा. मागं एक आणि चार पंचमांश, पुढं उरला एक पंचमांश. नऊ पट!"

मी दुसरे आकडे घालून पाहिले. दर वेळी बरोबर. "आणि उजेडाला गाठायचं तर?" मी विचारलं.

"तर पुढं कायबी उराय नको की. पर सत्तावीस पट करा, एक्याऐंशी करा, चिमूटभर उरतंयच." ती चिमूट त्यांनी बोटांत धरून दाखवली आणि स्वतःच तिच्याकडं बघत राहिले.

ही रीत पुस्तकांतही सापडते, हे मला फार उशिरा कळलं. आप्पांनी ती पुस्तकातून घेतली नव्हती. मी मात्र आप्पांकडून घेतली. बेळगावच्या एका शिक्षक कार्यशाळेत मी ती 'मला सुचलेली युक्ती' म्हणून मांडली. टाळ्या पडल्या. साहित्याची पेटी मांडीवर घेऊन आप्पा शेवटच्या रांगेत बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तेच म्हणाले, "माझं नाव घेतला न्हाईसा, बरं केलासा. अटेंडंटचं म्हटल्यावर कुणी ऐकलं असतं व्हय?" यात टोमणा होता की नाही, मला आजही सांगता येत नाही. पुढं ते काही नवं विचारायला आले की मला नेमकं काम निघे. मग ते येईनासे झाले. निवृत्त झाले, आणि दोन वर्षांनी गेल्याची बातमी आली. मी मातीलाही गेलो नाही.

युक्ती माझ्या नावावर चालत राहिली. यंदा तोच धडा आला आणि माझ्यानं तो रेटवेना. हे सगळं मी वर्गाला सांगून टाकलं. एका मुलीनं विचारलं, "मग सर, या रीतीला त्यांचं नाव लिहू?"

"लिही. पूर्ण नाव लिही," असं म्हणून मी खडू घेऊन फळ्याकडं वळलो. 'आप्पा' एवढं लिहिलं आणि हात थांबला. अकरा वर्षं आम्ही एका खोलीत काढली, पण त्यांचं नाव-आडनाव मी कधी विचारलंच नव्हतं.

पाठीमागं मुलं वह्या उघडून वाट बघत होती.