न बुजवलेला खड्डा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय — ते मलाही ठाऊक नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी उल्हास नदीचा गाळ अभ्यासत होते. डोंबिवलीहून निघायचं, ओहोटी साधून ठाकुर्लीपलीकडच्या काठावर एकटीनेच खड्डा खणायचा. नदी थरावर थर चढवत जाते. त्यात कुठे कोळसा, खापर दिसलं की समजायचं, इथे फार पूर्वी माणसं राहत होती. प्रबंध रखडला होता. आणि एके दिवशी, पुरुषभर खोल खड्ड्याच्या तळाशी कोळशाची काळी रेघ दिसली — काय आनंद झाला होता मला!

हिराबाई कोळीण रोज तिथूनच चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला चिखलात उतरायची. मला घरचं पाणी आणून द्यायची. जरा पुढे नदीत मजूर रेती काढायचे. त्या दिवशी मी निघताना हिराबाई म्हणाली, "यो खड्डा बुजवून जा गो बाय. आमी हितूनशीच जाताव."

हो म्हटलं. पण बुजवला तर रेघ मोडेल, फोटो राहिलाय — उद्या बघू. उद्या मला बघायला पाहुणे आले. परवा? परवा मी नुसतीच घरी बसले. उधाणाचं पाणी चढत होतं, खड्ड्यात पातळ गाळ भरत होता. वरून सपाट, भोवतालच्या चिखलासारखाच. हे मला कळत नव्हतं? गाळ हाच तर माझा विषय.

मी बुजवला असेल या भरवशावर आलेली हिराबाई त्यात छातीपर्यंत रुतली. मग भरती आली.

मी गेले तेव्हा तिची मुलगी काठावर बसली होती. खड्डा कुणाचा, हे फक्त हिराबाईला माहीत होतं. मुलीने विचारलं, "रेतीवाल्यांनीच खनला ना गो बाय? तुला कलतं त्यातलं."

"त्यांनीच असेल," मी म्हटलं.

त्याच दुपारी रेती काढणाऱ्या मजुरांना गावाने मारून हाकललं. एकाचा हात मोडला. मी बघत उभी होते. लग्न मोडेल, प्रबंध जाईल — एवढंच डोक्यात.

कोळशाचा नमुना आधीच पिशवीत घेतला होता. त्यावर डॉक्टर झाले. पुढे वर्गात मुलं विचारायची, हजारो वर्षांपूर्वीचा खड्डा ओळखायचा कसा? मी सांगायचे — आतला गाळ वेगळा असतो, भोवतीच्या थरांत तो कधीच मिसळत नाही. मग पुढचा धडा घ्यायचे.

तो खड्डा माझा होता. हिराबाई माझ्यामुळे मेली, आणि तिच्या मुलीला मी तोंडावर खोटं सांगितलं.