बसची वाट बघणारी माणसं

रविवारी सकाळी नदीकाठच्या बागेत एक बैठक होती. घरी नैवेद्य दाखवून मी शिऱ्याचा डबा घेऊन गेले... तर तिथे कल्याणी एकटीच बसलेली.

कल्याणी आमच्या शेजारच्या खोलीत राहायची, सिल्वासातल्या सामरवरणीला. तृतीयपंथी आहे. माझ्या देवाला रोज तिच्याच कुंडीतली जास्वंद असायची.

ती सांगायची, पूर्वी कंपन्यांत कामाला आलेली तिच्यासारखी माणसं, आणि ज्यांचा जीव मुलांवरच जडतो अशी मुलं, सुट्टीला याच बागेत जमायची. कुणाला घरमालकाने काढलं तर दुसरी खोली शोधायची, दवाखान्यात सोबत जायची, भांडायचीसुद्धा... मग कुणाचं घरच्यांनी लग्न लावलं, कुणी गाव सोडलं. त्यांच्यातला सुनील मध्यंतरी वारला. घरच्यांनी त्याला धुळ्याला नेलं, यांना कळवलंही नाही.

त्याच्यासाठी ही बैठक. या वेळी लपून नाही, सगळ्यांसमोर. "वहिनी, कुणीच आलं नाही तर मी सिल्वासा सोडणार," ती म्हणाली होती. "एकटीने किती भांडायचं?"

वॉचमन बजावून गेला, बैठो, पर बॅनर नहीं लगाने का. बॅनर कुठला... सुनीलचा एक फोटो आणि त्याला हार.

ऊन चढलं. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला मात्र काही माणसं केव्हाची उभी होती, एकमेकांपासून लांब लांब. प्रसाद परत कसा न्यायचा, आणि वाया घालवणं तर माझ्या हातून होत नाही. म्हटलं, यांना तरी वाटू.

पहिला मुलगा मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "मी बसची वाट बघतोय, काकू." त्या रस्त्याला बस येतच नाही.

मी म्हटलं प्रसाद आहे, नाही म्हणू नये. त्याने दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला... आणि खाता खाता रडायलाच लागला.

"कल्याणीताई रागावल्यात का?"

मी म्हटलं, आत चल, ती तुमचीच वाट बघतेय. त्याने मान हलवली. "कुणी व्हिडिओ काढला तर खोली जाईल, काकू. घरी कळेल."

पुढच्यानेही प्रसाद घेतला, त्याच्या पुढच्यानेही. फाटकाच्या आत कुणीच आलं नाही.

मी परत येऊन कल्याणीला सांगितलं, अगं आलेत सगळे, बाहेर उभे आहेत. मला वाटलं, एवढ्याने ती थांबेल. तिने वळूनही बघितलं नाही. "सुनीलपण असाच बाहेरून बघून जायचा शेवटी शेवटी," म्हणाली, आणि फोटो पिशवीत ठेवला.

काल ती खोली सोडून सुरतला गेली. देवापुढे बसले तरी मन लागत नाही... ती माणसं आता कुणाकडे जाणार?

माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, लिहिण्यात चुकलं असेल. पण आपल्या सिल्वासात अशी माणसं नव्हतीच, असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून लिहिलं. नावं मात्र मलाही बदलावी लागली.