सहा दहाची पत्रिका

आमच्या घरात पत्रिका फक्त माझीच निघते. पप्पांची जन्मतारीख म्हणजे शाळेत मास्तरांनी लिहिलेली एक जून. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच. मम्मीची वेळ विचारली की आजी म्हणायची, "ज्वारी काढाय आल्ती." माझा जन्म मात्र बीडच्या दवाखान्यातला. जन्माची वेळ लिहिलेलं त्याचं कार्ड पप्पांनी लॅमिनेट करून कपाटात ठेवलंय. त्यामुळे घरात काही ठरायचं असलं की माझे ग्रह कामाला लागतात. मला कुणी विचारत नाही, मीही बोलत नाही.

गेल्या वर्षी पप्पांनी वडवणीत घरासाठी जागा घेतली. रजिस्ट्री सोमवारी होती आणि नावं ठरलेली होती: पप्पांचं आणि काकांचं. मागचं घरही दोघा भावांच्याच नावावर होतं. काकांच्या मुलाचं लग्न ठरलं, जागा पुरेना, आणि आम्ही पप्पांच्या दुकानामागच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. त्या घरातला स्वयंपाकाचा ओटा मम्मीनं स्वतःच्या उंचीला बेतून बुटका बांधून घेतला होता. इथला उंच आहे. ती पाटावर उभी राहून भाकरी थापते. त्याबद्दल तिनं कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही.

शुक्रवारी ती एवढंच म्हणाली, "रजिस्ट्रीच्या आधी लेकीची पत्रिका दाखवू. आक्काच्या गावात एक स्वामी हायती. लई नेमकं सांगत्यात म्हने."

आक्का म्हणजे माझी मावशी, नेकनूरची. पप्पा अशा गोष्टींना नाही म्हणत नाहीत.

स्वामी शनिवारी दुपारी एसटीनं आले. आम्ही लिंगायत, आमच्याकडे जंगम पुरोहितांना स्वामी म्हणतात. पप्पा पाया पडले, त्यांना खुर्ची दिली. मी आतल्या दाराशी उभी राहिले. मला अशा माणसांचा भरवसा वाटत नाही. ते आधी घराकडे बघतात आणि मग ग्रहांकडे.

चहा मम्मीनंच केला. साखर घालण्याआधी तिनं एक कप वेगळा गाळून ठेवला, तो स्वामींना दिला. साखर चालते का, असं त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी घोट घेतला आणि लगेच पुढचा घेतला.

मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून मोठ्यानं वाचली. माझी तारीख आणि खाली वेळ, सायंकाळी सहा दहा. अक्षर मम्मीचं होतं.

"मिथुनेत चंद्र-शनी," स्वामी मोबाइलवरची कुंडली बघत म्हणाले. "आन दोघंबी चौथ्या घरात. शेठ, चौथं घर म्हंजे वास्तू, आन चौथं घर म्हंजेच आई. चंद्रबी आईच. तिला खेटून शनी बसलाय."

"मंग वाईट हाय का?"

"वाईट न्हाई. शनी उशिरा देतो, पर दिलेलं काढून घेत न्हाई. ज्याचं त्याला द्यावं लागतं एवढंच. जागा हिच्या आईच्या नावानं करा. दुसरं नाव घातलं तर घर हुईल, पर त्यात हिच्या आईचा जीव रमनार न्हाई."

पप्पा काकांना दादा म्हणतात. त्यांनी विचारलं, "आन दादाचं नाव?"

"भाऊ तिसऱ्या घरात. त्याला चौथ्यात कावून आनता?"

होस्टेलवरून सुटीत घरी आले असताना मी एका ॲपवर माझी कुंडली काढली होती, चेष्टा म्हणून. कार्ड पाहून वेळ घातली होती, दुपारी चार चाळीस. त्यात चंद्र-शनी पाचव्या घरात होते. चौथं घर रिकामं होतं. शिवाय माझ्या पत्रिकेतलं तिसरं घर माझ्या भावंडांचं, पप्पांच्या भावांचं नव्हे. एवढं त्या ॲपवरही होतं.

आता हे शांती सांगतील, पूजेची यादी देतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. त्यांनी काहीच मागितलं नाही. सुपारी तोंडात टाकली आणि परतीची गाडी कितीला आहे ते विचारलं. तेव्हा माझा संशय पक्का झाला. खोटं सांगणाऱ्याला काहीतरी हवं असतं. यांना काही नको होतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी हवं होतं.

रविवारी सकाळी पप्पा जेवायला बसता बसता म्हणाले, "ही झाली तवा मी दुकान बंद करून बीडला गेलतो. चांगलं ऊन हुतं. भादव्यात, पितरपाटात सहाला कुठलं आलं ऊन?"

"मला काय ठावं?" मम्मी ओट्याकडूनच म्हणाली. "मी काय घड्याळ बघत पडलते?"

पप्पा उठले, कपाटातून कार्ड काढलं आणि माझ्यापुढं सरकवलं. घरातला प्रत्येक इंग्रजी कागद असाच माझ्याकडे येतो. कागदात कुणी फसवू नये म्हणून पोरीला इंग्रजी शाळेत घातलं, असं ते गिऱ्हाइकांना सांगतात.

"वाच बरं टाइम."

डॉक्टरांचं अक्षर तिरकं होतं, पण आकडे स्पष्ट होते. मम्मी पाटावर पाठमोरी उभी होती. ती थापत राहिली. भाकरी व्हायला हवी त्याहून पातळ झाली तरी थापत राहिली.

"सहा दहा," मी म्हणाले.

"बरं," पप्पा म्हणाले. "मंग दादाला सांगाय लागंल." आणि फोन घेऊन बाहेर गेले.

"दे हिकडं, ठिवते," मम्मीनं पिठाच्या हातानंच कार्ड घेतलं. ते मला पुन्हा दिसलेलं नाही.

रजिस्ट्री तिच्या एकटीच्या नावानं झाली. मागच्या महिन्यात नव्या बांधकामावर गवंड्यानं ओटा कुठपर्यंत घ्यायचा म्हणून विचारलं, तर ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि त्यानं तिच्या कमरेशी कोळशानं रेघ ओढली. परतताना मी विचारलं, "स्वामींना साखर चालत नाही, हे तुला कसं कळलं?"

"आक्का म्हनली आसंल," ती म्हणाली, आणि चालत राहिली.

चिठ्ठीवरची वेळ तिनंच बदलली, हे मी धरून चालले आहे. आता मला पप्पांचा संशय येतो. त्यांना इंग्रजी येत नाही, पण ते दुकानदार आहेत. गल्ल्यापलीकडून, उलट्या धरलेल्या पावतीवरचे आकडेही त्यांना वाचता येतात. आणि ते कार्ड लॅमिनेट करून त्यांनीच आणलं होतं.