लाल खडूचं प्रवाळ

टक्, टक्, टक्. गुरुजींच्या पट्टीचा टेबलावरचा तो ठेका अजून कानात आहे. माण तालुक्यातली आमची दुष्काळी शाळा. सगळा वर्ग त्या ठेक्यावर समुद्राची कविता म्हणायचा आणि समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता, गुरुजींनीसुद्धा. 'प्रवाळ' हा शब्द आला तेव्हा ते जरा घुटमळले. मग लाल खडू घेऊन त्यांनी फळ्यावर बिनपानांची बाभूळ काढली. "हे असं असतं. समुद्राच्या तळाशी."

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि माझी दुबईतली नोकरीही. करामा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सामानाची खोकी भरून होत आली होती. इतकी वर्षं आखातात काढली, पण समुद्र पाहिला तो काठावरून, संध्याकाळचा चहा पिता पिता. आता परतायचं ते पुन्हा माणच्या कोरड्या माळावर. त्याआधी ते लाल झाड एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच मनात होतं.

"बाबा, यू कान्ट इव्हन स्विम!" लेक निखिल म्हणाला. सुमन, माझी बायको, स्वयंपाकघरात गेली. तिनं धपाटे करायला घेतले, म्हणजे जायचं ठरलं.

गुरुवारी दुपारी ऑफिस सुटल्यावर पूर्व किनाऱ्यावरच्या खोरफक्कानला निघालो. तुम्ही जाणार असाल तर धैदच्या रस्त्यानं जा. आधी नुसती तांबूस वाळू, मधूनच रस्त्यावर रेंगाळणारे उंट. मग मसाफीला डोंगर असे अचानक उठतात, की बोलता बोलता माणूस गप्प होतो. तिथल्या बाजारात फळं घ्या, गालिच्याकडे बघूही नका. बघितलात की दुकानदार "हबीबी" म्हणत गाडीपर्यंत येतो. घाट उतरला आणि खोरफक्कानचा समुद्र समोर आला. गाडी बाजूला घेऊन मी नुसता उभा राहिलो. डोंगर थेट पाण्यात पाय सोडून बसले होते.

बंदरावर हसनभाईंचा मचवा होता. हसनभाई दाभोळकडचे, जुन्या मासेमारीच्या मचव्याला शीड लावून लोकांना फिरवायचे. दोन दिवसांचे, जेवणासकट, दोघांचे चारशे दिरहम. सुमननं तिथल्या तिथे रुपये करून माझ्याकडे डोळे वटारले.

शुक्रवारी सकाळी वाऱ्यानं शीड फुगलं. इंजिन बंद. फक्त पाण्याचा चुबुकचुबुक आवाज. माझ्या तोंडून शाळेतली कविता आपोआप सुरू झाली.

"काय वो मास्तर, वारा पडंल तुमच्या गाण्यानं," हसनभाई म्हणाले.

"मास्तर नाहीत हो, हिशेबनीस आहेत," सुमन म्हणाली. "रोज अंघोळ करतानासुद्धा हेच चालतं."

बंदरासमोरच्या खडकाळ बेटाशी नांगर पडला. पाणी इतकं नितळ की मचव्याची सावली तळावर हलताना दिसावी. तरंगायचं जॅकेट चढवलं, तोंडात श्वासाची वाकडी नळी धरली, पाण्यात बघायची काच डोळ्यांवर बसवायला गेलो आणि तिथंच घोडं अडलं. माझा चष्मा! महिनाभर मी वारे, भरती-ओहोटी, सगळं विचारून ठेवलं होतं. पण चष्म्याच्या काड्यांवर ती काच बसत नाही, हे डोक्यातच आलं नव्हतं. चष्म्याशिवाय मला ताटातली पोळीसुद्धा ओळखू येत नाही.

तरी चष्मा काढून, काच लावून उतरलो. दोर घट्ट धरून डोकं पाण्यात घातलं. खाली हिरवं-निळं ऊन सांडलं होतं, त्यात पिवळे ठिपके येत होते, जात होते. दुसरं काही नाही. पण ते ऊन! देवळाच्या गाभाऱ्यात डोळे मिटून उभं राहावं तसं वाटलं.

तेवढ्यात शेजारी धप्पकन आवाज झाला. सुमननं ओढणी कमरेला खोचून, काच-नळी लावून सरळ उडी मारली होती! माहेरच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून ती पोहायला शिकली होती. लग्नानंतर आज पहिल्यांदाच पाण्यात. खाली जायची, वर यायची आणि नळी काढून मला बातम्या द्यायची. "अहो, इरकलीच्या काठासारखा मासा! हा दुसरा गेला, पोपटाच्या चोचीचा! कासव, कासव! म्हातारबुवा चाललेत सावकाश."

"आणि प्रवाळ?"

"आहे की. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं. तपकिरी."

"लाल नाही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मोठा श्वास घेऊन पुन्हा खाली गेली. चांगला वेळ लागला. वर आली ती धापा टाकतच. "आहे. कपारीत. लाल. बाभळीसारखं."

"माझ्यासाठी सांगतेस."

"मग स्वतः बघा," ती म्हणाली आणि पाठ फिरवून पोहत निघून गेली.

मी हसनभाईंना विचारलं, "तुम्ही पाहिलंय का हो?"

"आमी पाण्यावर जगतो मास्तर. पाण्यात डोकावतंय कोण?"

रात्री मचव्यावर तळलेली सुरमई, भात आणि आमचे धपाटे. दुसऱ्या दिवशी वारा पडला, इंजिनावर परत आलो.

पुढचे दिवस खोकी बांधण्यात गेले. त्या समुद्राचं काय उरलं माझ्यापाशी? ते हिरवं ऊन. केस निथळत असलेली, वीस वर्षांनी लहान झालेली सुमन. आणि एक प्रश्न. तिला पुन्हा विचारायचं धाडस होत नव्हतं. पाहिलं नाही म्हणाली तर?

परतण्याआधीच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी बेल वाजली. सामानवाले असतील म्हणून दार उघडलं, तर हसनभाई! मचव्याच्या वहीतला आमचा पत्ता काढून, एवढा डोंगर ओलांडून, पांढऱ्या स्वच्छ सदऱ्यात. हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"एक गोरा ही इसरून गेलेला, कवाचा. तळाशी पडली व्हती मचव्याच्या," ते म्हणाले. पिशवीतून त्यांनी पाण्यात लावायची काच काढली. आत जाड भिंगं बसवलेली. "नंबर तुमचा नसंल. पन जाडी बगा."

मी उंबऱ्यातच चष्मा काढून ती चढवली. हसनभाईंच्या दाढीतला एकेक पांढरा केस दिसला.

"यल्ला, चला. गाडी खाली चालूच ठेवलीय. मलापन बगायचंय आता, लाल हाय का नाय ते."

मागे वळलो. सुमन बांधलेल्या खोक्याची दोरी सोडून टॉवेल काढत होती.

"येते मीही," ती मान वर न करता म्हणाली. "पण लाल नसलं तर माझ्याशी भांडायचं नाही हं."