आंब्याच्या आळ्यातलं वांगं

जयराम ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत गेले. त्यांची राख नदीत सोडायची नाही, घरापुढे खड्ड्यात घालून त्यावर आंबा लावायचा, असं मुलानं, बुद्धभूषणनं ठरवलं. कॉलनीत आता बरेच जण तसं करतात. भेटायला येणारा प्रत्येक माणूस आंब्याला हात जोडी आणि तांब्याभर पाणी घाली. नको कसं म्हणणार? आंबा कुजला.

नुसती काडी उरली. तिच्या बुडाशी वांगं उगवलं. बी कुठून आलं, कुणाला कळलं नाही.

नवरा गेल्यापासून लताबाईंना रडू आलं नव्हतं. भूक लागे, झोप येई, मालिकाही बघत. आत मात्र दाढ काढल्यावर गाल असतो तसं काहीतरी बधिर होतं. शेजारणी त्याला धीर म्हणत. वांग्याला नवं पान फुटलं की ते तेवढं त्यांच्या लक्षात येई. बाकी दिवस नुसता सरे.

पहिल्या स्मृतिदिनाला बुद्धभूषणनं नर्सरीतून दुसरा आंबा आणला. वांगं उपटून टाक म्हणाला. सून साक्षी हसली. सासऱ्यांच्या डोक्यावर वांगं, पाहुणे काय म्हणतील? लताबाईंनी खुरपं घेतलं. मागे मोरीच्या पाण्यावर लावते, एवढंच म्हणाल्या.

त्यांनी लांबून गोल खणलं. मुळांसकट मातीचा गड्डा वर आला. त्यात राखाडी थर होता. बुद्धभूषणनं त्यांचं मनगट धरलं.

"आई, माती झाड. आप्पांना मोरीवर नेतेस?"

"झाडली तर हे मरेल."

"वांगं आहे गं ते."

"माहीत आहे."

त्या हात ओढत नव्हत्या, नुसत्या थांबल्या होत्या. गड्ड्याची माती कडेनं सुटू लागली. शेवटी साक्षीच म्हणाली, "भूषण, सोड. गळतंय ते."

त्यानं सोडलं.

लताबाईंनी गड्डा पदरात घेतला आणि घराला वळसा घालून मागे गेल्या. रोप लावलं, माती दाबली. पानांनी लगेच माना टाकल्या. उन्हाकडून त्यांनी पाटी आडवी लावली. जगेल की नाही, सांगता येत नव्हतं.

बोटांना राखाडी चिखल लागला होता. मोरीतल्या नळाखाली न धुता त्यांनी तांब्यातलं पाणी घेतलं आणि रोपावर धरून हात धुतले. सावकाश, एकेक नख.

पुढून पाहुण्यांचे आवाज आले. त्या उठल्या नाहीत.