‘धर गो’ ऐकायला धसईला

डिसेंबरातल्या एका सकाळी भांडी लावताना लक्षात आलं, कुंदाचा आवाज आपल्याला आठवत नाही. चेहरा आठवतो, धावताना उडणारी वेणी आठवते. आवाज नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कल्याणहून निघाले.

कुंदा आणि मी कॉलेजच्या रिले संघात होतो. तिसरी ती, शेवटची मी. मागून येणारीने बॅटन देताना ओरडायचं, पुढचीने मागे न पाहता हात मागे करायचा. सगळे संघ ‘स्टिक’ ओरडत. कुंदा धसईची, ती ओरडे, ‘धर गो’. मी बजावलं, मैदानावर मैदानाची भाषा.

‘पन तुला कळतंय ना, मीच हाय ते?’

कळायचं. एका स्पर्धेत चहूकडून ‘स्टिक, स्टिक’ सुरू झालं, शेजारच्या मुलीने भलत्याच हाकेला हात मागे केला आणि त्यांची बॅटन पडली. आम्ही जिंकलो. कुंदा बक्षीस घ्यायच्या आधी त्या रडणाऱ्या मुलीजवळ जाऊन बसली.

‘आधी आपलं बघ,’ मी म्हणाले.

‘आपलं झालं गो बघून.’

पुढे तिला घशाचा कर्करोग झाला. आधी आवाज गेला, मग ती.

शहापूरपर्यंत महामार्ग, गाडी असेल तर उजाडायच्या आत निघा, नंतर ट्रक पुढे सरकू देत नाहीत. मी एसटीने गेले. बायकांना अर्धं तिकीट.

‘आजी, कुठं?’ कंडक्टरने विचारलं.

‘शेणवा. आणि आजी घरी.’

मागच्या बाकावरून कुणीतरी कंडक्टरला म्हणालं, ‘घे, मिळालं तुला उत्तर.’

शेणव्याच्या शाळेत कुंदा अनेक वर्षं खेळ शिकवायची. मैदान छान राखलंय. मुली रिलेचा सराव करत होत्या. मी कुंपणाशी कान देऊन उभी राहिले. ‘स्टिक.’ सगळ्या जणी ‘स्टिक’. नव्या बाई शिस्तीच्या असाव्यात. मी असते तर हेच शिकवलं असतं.

तिथून किन्हवली, सरळगाव करत शेअर जीपने धसई. रस्ता बरा, वळणं भरपूर, दोन्ही बाजूंना कापलेली भातखाचरं आणि त्यात वालाचे वेल. धसईच्या बाजारात ताजी भाजी मिळते. पिशवी घरून न्या.

कुंदाची मोठी बहीण हौसाताई ओट्यावर वाल सोलत होती. एके काळी फोनवर या दोघींत फरक कळत नसे. त्या भरवशावरच मी आले होते. पण ताईचा आवाज आता पार घोगरा झालाय. जेवायला बसल्यावरही मी ऐकत राहिले, काही जुळेना.

‘काय गो, गप का? भाकर नाय आवडली?’

‘आवडली ताई.’ तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं; हॉटेल शोधत बसू नका, कुणाच्या घरी जेवा.

‘ती बोलायची तुझ्याबद्दल. म्हनायची, लय कडक बाय, पन हात बरोब्बर पुढं करते.’

‘मागे करते, ताई.’

‘तेच ते.’

मुरबाडची बस आली. मी पायरीवर पाय ठेवला, एवढ्यात ताई मागून पिशवी घेऊन धावत आली.

‘धर गो.’

माझा हात मागे गेला. तळवा उघडा, अंगठा बाहेर. मान वळली नाही. पिशवीचे बंद हातात पडले आणि त्या क्षणी जे ऐकू आलं ते हौसाताईचं नव्हतं.

मुरबाडपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसले. त्या रस्त्याबद्दल काही सांगता येणार नाही.

घरी पिशवी उघडली. नव्या भाताचे तांदूळ. रात्री यांना म्हटलं, मागे उभे राहा आणि ‘धर गो’ म्हणा. ते म्हणाले. हात जागचा हलला नाही.

सकाळी निम्मे तांदूळ डब्यात भरून शेजारच्या सुनीताच्या दाराशी गेले. ती पाठमोरी रांगोळी काढत होती. शेवटी धावणारीला कुणाला हाक द्यायची नसते; तो शब्द माझ्या तोंडून कधी निघालाच नव्हता.

‘धर गो.’

सुनीता वळून हसली. ‘काकू, हे कुठलं मराठी?’

‘धसईचं,’ मी म्हटलं. ‘आणि वळायचं नसतं. फक्त हात मागे कर.’